एका खाटेभोवतीची चार मतं

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे. चार वर्षं पुण्यात राहून त्याने एमपीएससीचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, पुढे यश आलं नाही. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. माजघरातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. चार-चार दिवस आंघोळ नाही, जेवण निम्म्यावर आलंय, मित्रांचे फोन उचलत नाही. आई म्हणते, त्याला बाहेरचं झालंय. अमावस्येला ती त्याला एका देवऋष्याकडे नेऊन आली. वडील म्हणतात, आजार-बिजार काही नाही, अंगात आळस मुरलाय. थोरला भाऊ शेती बघतो. त्याचं म्हणणं, माझ्याबरोबर रात्री उसाला पाणी पाजायला लावा, आठ दिवसांत सुतासारखा सरळ येईल. मुंबईची मावसबहीण म्हणते, हे सरळसरळ डिप्रेशन आहे, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे न्या. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे घराबाहेर कुणी काही बोलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चौघांचं ऐकून घेते, आणि मला प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं. मला कुतूहल आहे ते याचं, की एकाच माणसाबद्दल रक्ताच्या चार माणसांची चार मतं कशी होतात? असलं मत माणसाचं बनतं तरी कशातून? आणि यात बरोबर कोण?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी मनोविकारतज्ज्ञही नाही. तालुक्याच्या गावात सव्वीस वर्षं दवाखाना चालवते आहे. पण तुमचा प्रश्न माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर रोज येऊन बसतो. एक पेशंट आणि त्याच्याबरोबर तीन नातेवाईक आले, की आजाराची तीन वेगवेगळी नावं माझ्यासमोर येतात.

इतक्या वर्षांत मला जे दिसलं ते सांगते. मनाच्या आजाराबद्दलचं मत माणूस वाचून-ऐकून ठरवतो असं आपल्याला वाटतं. मला ते फार क्वचित दिसलं. त्याने लहानपणापासून काय पाहिलं, त्याचा दिवस कसा जातो, आणि त्या घडीला त्याला काय सांभाळायचं आहे, यातून ते मत येतं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरातलं प्रत्येक मत कशाची तरी राखण करतंय.

वडिलांपासून सुरू करू. ते पासष्टीच्या पुढचे असतील असं धरते. त्यांच्या तरुणपणी मनाच्या आजारावरचे सरकारी उपचार म्हटलं की चार गावांची नावं यायची : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तुमच्या-माझ्या भागात ‘ह्याला येरवड्याला धाडा’ हे भांडणातलं वाक्य होतं. तालुक्याला या विषयाचा डॉक्टर नव्हता, गोळ्या घेऊन नोकरी-शेती करणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता. देशाचा कायदाही त्याच भाषेत बोलत होता. १९१२ सालच्या इंग्रजांच्या कायद्याच्या नावातच ‘वेडे’ हा शब्द होता. त्याच्या जागी १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला, आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. म्हणजे तुमच्या वडिलांनी पस्तिशी गाठेपर्यंत कागदोपत्री माणूस एक तर शहाणा होता, नाही तर वेडा. मधली पायरीच नव्हती.

आता त्यांचं ‘आळस’ हे म्हणणं पुन्हा ऐका. ज्याने आयुष्यभर या दोनच खोल्या पाहिल्या, तो आपल्या मुलाला कुठल्या खोलीत ठेवेल? आळशी पोरगा उद्या सुधारतो, लग्न करतो, संसाराला लागतो. येरवड्याला गेलेला परत आलेला त्यांनी पाहिलेला नाही. ते तुमच्या भावाला बोल लावतात हे खरं आहे, आणि त्या बोलण्याने त्याला इजा होते हेही खरं आहे. पण त्या शब्दाआड एक बाप मुलाला शहाण्यांच्या बाजूला धरून उभा आहे.

आईच्या मताकडे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण शिकलेली माणसं सगळ्यात लवकर तिलाच गप्प करतात.

‘बाहेरचं झालंय’ या शब्दांत काय काय आहे बघा. जे झालं ते बाहेरून आलं, म्हणजे पोरगा वाईट नाही. आलं आहे, म्हणजे जाऊही शकेल. त्याच्या रक्तात नाही, म्हणजे घराण्यात नाही. आणि घराण्यात नाही म्हणजे धाकट्या मुलीचं जमायला हरकत नाही. स्थळं बघायला आलेल्या माणसांसमोर आईने दुसरं काय म्हणायचं? तिची भीती हवेतली नाही. आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ठरावीक परिस्थितीत मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. कलम तिला माहीत नसेल, पण सोयरिकीच्या बैठकीत ‘घरात कुणाला काही आहे का’ हा प्रश्न कोणत्या आवाजात विचारतात ते तिला पक्कं माहीत आहे. तिने असं नाव निवडलं ज्यात मुलाला दोष नाही आणि मुलीचं नुकसान नाही.

माणूस सुरक्षित नाव निवडतो, हे जगभर असंच आहे. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ १९८०मध्ये चीनच्या हुनान प्रांतात गेले होते. तिथे ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान झालेले शंभर रुग्ण त्यांनी तपासले. डोकेदुखी, थकवा, झोप नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांपैकी ८७ जणांचा आजार नैराश्याच्या व्याख्येत बसत होता. सांस्कृतिक क्रांतीची वर्षं नुकतीच सरली होती. उदास असणं, निराश असणं म्हणजे राज्यव्यवस्थेवर नाराज असणं, असा अर्थ तिथे लागू शकत होता. मज्जातंतू अशक्त असले तर कुणी जाब विचारत नव्हतं.

आपल्याकडे जाब विचारणारं सरकार नसतं, घर असतं. यावरून मला माझी एक चूक आठवते. पुष्कळ वर्षं झाली. जवळच्या वाडीवरची एक बाई दर पंधरा दिवसांनी यायची. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, हातापायातलं बळ गेलंय. मी तपासायची, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कधी जंतुसंसर्गाचा कोर्स. ‘बाटली लावा’ म्हणून तिने तीन वेळा सलाईनही लावून घेतलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं ठीक. असं वर्षभर चाललं. एका दुपारी धो-धो पाऊस होता आणि दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी नुसतं विचारलं, घरी कोण कोण असतं? ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. घालायची, सोडायची, परत घालायची. मग म्हणाली, थोरला पोरगा होता, विहिरीत गेला, तिसरं वर्ष लागलं. मी विचारलं, मग कुणाशी बोलता का त्याच्याबद्दल? म्हणाली, ‘कुनाशी बोलायचं? सासूबाई म्हंत्यात, रडलं की घराला लागतं.’

त्या घरात तिला रडायची मुभा नव्हती. पांढरं जातं म्हणून दवाखान्यात जायची मुभा होती. एसटीचं भाडं मिळायचं, दोन तास घराबाहेर मिळायचे, एक बाईमाणूस हात लावून विचारपूस करायचं. तिने तिच्या दिवसात बसेल असा आजार मला आणून दिला आणि मी वर्षभर फक्त तेवढाच बघितला. त्या वर्षाची रुखरुख मला अजून आहे.

पुढे गोव्यातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली होती. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये त्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासी, चिंता आणि घरातल्या जाचाशी जास्त घट्ट निघालं. तेव्हापासून अंगावरून जातं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला तपासून झाल्यावर मी झोपेबद्दल आणि घराबद्दल विचारते. आमच्याकडे कुणी ‘मी उदास आहे’ असं म्हणत आत येत नाही. जीव घाबरा होतो, डोकं जड असतं, मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, अंगातनं वारं गेल्यासारखं झालंय, लई टेन्शन आहे, असं म्हणतात. ‘टेन्शन’ हा शब्द तर आता आमच्या भागात मराठीच झालाय. त्यात लाज नाही, कारण टेन्शन सगळ्यांनाच असतं.

म्हणून आईला ‘अंधश्रद्धा आहे ही’ असं म्हणून बाजूला सारू नका. एक रेघ मात्र ठाम ओढा. अंगारा लावणं, देवाला नारळ ठेवणं याने काही बिघडत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल, धुरी देत असेल, उपाशी ठेवत असेल किंवा औषध बंद करायला सांगत असेल, तर तिथून मुलाला उठवून आणायचं. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला एका दर्ग्याजवळच्या अशाच खासगी ठिकाणी आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण जळून गेले. त्यांनाही घरच्या माणसांनी बरं वाटावं म्हणूनच तिथे नेऊन ठेवलं होतं.

दुसरी वाटही आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८पासून दर्ग्याच्या आवारातच मनोविकारांचा दवाखाना चालवला गेला. दवा आणि दुआ, दोन्ही एका जागी. दर्ग्याचे मुजावरच भाविकांना डॉक्टरांकडे पाठवायचे. तुमच्या आईला देव सोडायला लावला तर ती मुलाला डॉक्टरकडे येऊ देणार नाही. देव ठेवून येऊ दिलं तर येईल.

मावसबहिणीचं मत वैद्यकशास्त्राला सगळ्यात जवळचं आहे, आणि बहुतेक तेच खरं ठरेल. पण तेही तिच्या दिवसातूनच आलंय. तिच्या कंपनीत समुपदेशक असेल, मैत्रिणी उघडपणे गोळ्यांबद्दल बोलत असतील, डॉक्टर लोकलने अर्ध्या तासावर असेल. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या नव्या कायद्यानंतर आरोग्य विम्यात मानसिक आजारही धरावा लागतो, हे तिला कंपनीच्या कागदांतून कळलं असेल. तुमच्या गावातून मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर सकाळची पहिली एसटी, केसपेपरची रांग, संध्याकाळी परत, एका माणसाची रोजंदारी बुडाली, आणि ‘कुठं गेलावता?’ या प्रश्नाला सांगायला एक खोटं हवं. ‘सायकिअ‍ॅट्रिस्टकडे न्या’ हे वाक्य मुंबईतून बोलायला हलकं जातं.

थोरल्या भावाचं ऐकल्यावर मी जरा चमकले, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसणार. त्याच्या आयुष्यात दुःखावर एकच उपाय चालला आहे : काम. पाऊस गेला, भाव पडला, तरी सकाळी उठून जनावरांपुढे वैरण टाकावीच लागते, आणि त्या वैरणीने त्याला उभं ठेवलं आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. मुख्य सूत्र हेच, की सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा हातात घ्यायच्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक बरेच सावरले होते. नेहमीचेच उपचार थोडे सुधारून ज्यांना मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

फरक कुठे पडतो ते मात्र थोरल्याला नीट सांगायला हवं. त्या बैठकांमध्ये काम शिक्षा म्हणून दिलेलं नव्हतं. रुग्णाबरोबर बसून, त्याला पूर्वी काय आवडायचं ते विचारून, आज जमेल एवढंच ठरवलं जायचं. आंघोळ करून ओट्यावर दहा मिनिटं बसणं, एवढंसुद्धा पहिल्या आठवड्याला पुरतं. आणि उसाचं पाणी म्हणजे रात्रीची लाइट, रात्री दोनला मोटर चालू करायची, पहाटेपर्यंत बांधावर. ज्याची झोप आधीच विस्कटली आहे त्याच्यासाठी हे औषध उलटं पडेल. त्यापेक्षा संध्याकाळी म्हशीची धार काढताना त्याला जवळ बसवू दे. थोरल्याला हे जमेल. त्याला फक्त कुणीतरी म्हणायला हवं, की तुझं म्हणणं टाकाऊ नाही.

तुमचं मत काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ‘मला प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं’ असं लिहिलंय. वर्गात वेगवेगळ्या घरांतून आलेली तीस-पस्तीस मुलं आणि त्यांचे पालक रोज सांभाळणाऱ्या बाईला ते जमणारच. पण या वेळी कुणीतरी पुढे होऊन मुलाला गाडीत बसवायला हवं, आणि सगळ्यांचं ऐकून घेणारं माणूस त्यात नेमकं मागे राहतं. चौघांपैकी प्रत्येकाशी बोलू शकणारं घरात दुसरं कुणी दिसत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा एक कार्यक्रम राबवला गेला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर आणि छोट्या बैठकांमधून या विषयावर लोकांच्या बोलीत बोलणं सुरू केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांनी मदत मागितलेली होती. दीड वर्षाने ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. घरचं माणूस आपल्या भाषेत बोललं की पुष्कळ हलतं.

आता पत्रात मला जे सापडलं नाही ते सांगते. आई काय म्हणते, वडील काय म्हणतात, थोरला, मावसबहीण, सगळं आहे. ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याचं स्वतःचं म्हणणं काय, ते कुठेच नाही. तुम्ही मुद्दाम वगळलं नसणार. त्याला कुणी विचारलेलंच नसणार. चार वर्षं अभ्यासिकेच्या एका खुर्चीवर बसलेला, मेसचा डबा खाल्लेला, दर निकालाला आपला नंबर शोधलेला मुलगा. गावाच्या चौकात लागणाऱ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर आपला फोटो येईल असं ज्याने आणि घराने धरलं होतं. त्यालाही या आजाराचं एक नाव सुचलं असेल. ‘मी वाया गेलो’ असं काहीतरी. बाहेरचं नाही, आळस नाही, डिप्रेशनही नाही. आणि या नावाने तो कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही, कारण वाया गेलेल्यावर उपचार असतात असं कुणी मानत नाही.

वर ज्यांचा उल्लेख केला त्या क्लाइनमन यांनी डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले होते. मी ते माझ्या बोलीत करून घेतलेत. तुला काय होतंय, तू त्याला काय म्हणतोस? हे कशामुळे झालं असं तुला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? दिवसातलं काय काय करणं यामुळे थांबलंय? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तर आलं की ‘असं काही नसतं रे’ म्हणू नका. लगेच धीरही देऊ नका. ऐका आणि गप्प राहा.

आणि एक प्रश्न सरळ विचारायचा : जीव नकोसा होतो का, मरणाचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आधीच असले तर बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलीस केस होईल या भीतीने घरं गप्प बसतात. तर २०१७च्या कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम असतं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

मरणाचे विचार नाहीत म्हणाला तरी या आठवड्यात त्याला दाखवून आणा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण असं पडून राहण्यामागे कधी कधी तेही असतं. जाताना आईला बरोबर घ्या, अंगाऱ्याची पुडी तिच्या पिशवीत असू दे. वडिलांना ‘आजार आहे’ असं पटवत बसू नका. ‘झोप आणि भूक गेलीय, तेवढं बघून येतो’ असं सांगा. ते खरंच आहे, आणि एवढ्याला ते नाही म्हणणार नाहीत.

पण त्याआधी, आज संध्याकाळी, त्याच्या खाटेजवळ बसा. दारात उभं राहून विचारू नका, स्टूल ओढून घ्या, म्हणजे तुमचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला येईल. पहिल्या दिवशी तो बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी परत बसा. जे काही म्हणेल ते मला कळवा, आणि त्याच्याच शब्दांत कळवा. तुम्ही शिक्षिका आहात, वाक्य सरळ करून लिहायचा मोह होईल. या वेळी करू नका.